तारवट्याची ऑर्डर अडू नये म्हणून: ऑनलाइन दुकानासाठी फसवणूक रोखणारी सेवा निवडताना

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या घरातून आम्ही काजू, सोलं (आमसुलं), खाजं, उकडे तांदूळ आणि घरचे मसाले ऑनलाइन विकतो. माल फक्त भारतातच पाठवतो, पण पैसे बऱ्याचदा बाहेरून येतात. मुलगा दुबईला, मुलगी लंडनला, जावई तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला; आणि चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा डबा जायचा असतो म्हापशाला, डिचोलीला नाहीतर ठाण्याला. फसवणूक रोखणारी सेवा, म्हणजे आलेली ऑर्डर तपासून ती धोक्याची आहे का ते सांगणारी सेवा, निवडायला आम्हांला नोव्हेंबर २०२४ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंतचा काळ लागला. या विषयावर मराठीत अनुभव शोधला तेव्हा हाती फारसं काही लागलं नाही. म्हणून हे सगळं तपशिलात लिहिते आहे.

सुरुवात २०२४च्या दिवाळीनंतर झाली. नोव्हेंबरच्या शेवटी पेमेंट गेटवेकडून, म्हणजे ग्राहकांचे ऑनलाइन पैसे आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीकडून, एकापाठोपाठ मेल आले: चार ऑर्डरींवर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागणारे दावे. चारही परदेशी कार्डांवरच्या, चारही भरपूर काजूच्या, मिळून जवळपास ₹३८,०००. कार्डाच्या खऱ्या मालकांनी आपापल्या बँकेला कळवलं होतं की हा व्यवहार आम्ही केलेलाच नाही. आमच्याकडून माल तर कधीच पोचला होता. उत्तर द्यायला ७ दिवसांची मुदत होती. आम्ही बिल, कुरिअरची पोचपावती, ग्राहकाशी झालेले मेल असं सगळं जोडून पाठवलं. चारही दावे आमच्या विरुद्ध गेले. रक्कम आमच्या पुढच्या जमेतून वळती झाली आणि प्रत्येक दाव्यामागे वेगळं शुल्कही कापलं गेलं.

हरण्याचं कारण समजून घेणं फार उपयोगाचं ठरलं. भारतीय कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना सहसा ओटीपी लागतो. रिझर्व्ह बँकेने ही दुहेरी पडताळणी २००९ पासूनच सक्तीची केली आहे. बँकेने ओटीपी तपासून व्यवहार मंजूर केला की ‘हे मी केलं नाही’ या दाव्याची जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. परदेशी कार्डाला हा नियम लागू नाही. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे असले की पैसे जातात. अशा व्यवहारात कार्ड चोरीचं निघालं, तर नुकसान दुकानदाराचं. पोचपावती दाखवून उपयोग नसतो, कारण माल पोचला की नाही हा तिथे प्रश्नच नसतो; कार्डाच्या मालकाने खरेदी केली का, एवढंच बघितलं जातं.

आम्ही पोलिसांत तक्रार केली. १९३० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन हे पोर्टल. आपल्या खात्यातून नुकतेच पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच, त्याच क्षणी फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सगळ्यांत जास्त असते. आमची गोष्ट वेगळी होती. पैसे कार्डाच्या मालकाकडे परत गेले होते आणि आमचा गेला होता तो माल. तरी पोर्टलवर नोंद केली आणि कागद घेऊन रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि काय काय जोडायचं ते सांगितलं: ऑर्डर कुठल्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) आली, किती वाजता, डिलिव्हरीचा पत्ता आणि फोन, कुरिअरची पावती, गेटवेचे मेल. हे सगळं आधीच एका फाइलमध्ये ठेवलं असेल तर काम पुष्कळ लवकर होतं. दुसऱ्याचं कार्ड वापरून अशी फसवणूक करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क आणि ६६ ड या कलमांखाली, तसंच भारतीय न्याय संहितेच्या ३१८ खाली येतं. तक्रारीचा नोंद क्रमांक जपून ठेवा. पुढे गेटवेने ‘तुम्ही काय पावलं उचललीत’ असं विचारलं तेव्हा तोच पाठवला.

जानेवारी २०२५ मध्ये दुसरा प्रकार घडला. एका रात्रीत आमच्या सगळ्यांत स्वस्त वस्तूसाठी, म्हणजे ₹१९९च्या सोलांच्या पाकिटासाठी, शेकडो कार्डं लावून बघितली गेली. बहुतेक नाकारली गेली, थोडी चालली. याला कार्ड टेस्टिंग म्हणतात. चोरीची कोणती कार्डं जिवंत आहेत हे बघायला लहान दुकानं वापरली जातात. माल त्यांना नकोच असतो. गेटवेने सकाळी आमची परदेशी कार्डांची सोय बंद केली आणि जमा होणारी रक्कमही रोखून धरली. ती सुटेपर्यंत जवळपास तीन आठवडे गेले. त्या काळात काजूवाल्यांचे पैसे कसे भागवायचे या काळजीने मला झोप लागत नव्हती. ज्यांना या प्रकारातून जावं लागलं आहे त्यांना हे सांगायला नको.

सेवा शोधण्याआधी फुकटात होणारी कामं उरकली, आणि तुम्हीही आधी तीच करा. पैसे भरण्याच्या पानावर कॅप्चा लावला. एका आयपी पत्त्यावरून तासाला किती प्रयत्न चालतील याला मर्यादा घातली. परदेशी कार्डासाठी किमान ऑर्डर ₹८०० केली, त्यामुळे सोलांचं पाकीट टेस्टिंगच्या कामाचं राहिलं नाही. ‘रक्कम आधी फक्त अडवून ठेवायची, तपासून मग घ्यायची’ ही सोय गेटवेत होती, ती चालू केली. रक्कम घेतलीच नसेल तर चार्जबॅकही येत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे परदेशी कार्डावरही ३-डी सिक्युअर पडताळणी, म्हणजे ओटीपीसारखी कार्डाच्या बँकेनेच केलेली तपासणी, मागता येते, हे गेटवेच्या सपोर्टला मेल करून विचारल्यावर कळलं. युरोप-ब्रिटनची कार्डं ती सहसा पार करतात आणि मग जबाबदारी बँकेकडे जाते. अमेरिकेतल्या काही कार्डांवर मात्र व्यवहारच पडायला लागले, म्हणून तिथे ती सक्तीची केली नाही. ग्राहकाकडे कार्डाचा फोटो कधीही मागू नका. काही दुकानदार मागतात. त्यात ग्राहकाला धोका आणि तुम्हालाही.

फेब्रुवारीत सेवा बघायला लागलो. इथे पहिलं काम मी वहीत केलं: आपले पैसे नक्की कुठे जातात? तीन ठिकाणी जात होते. परदेशी कार्डांचे चार्जबॅक, कार्ड टेस्टिंग आणि कॅश ऑन डिलिव्हरीवरून परत येणारी पार्सलं. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींवर एकच औषध देतो म्हणणाऱ्यांपासून मी जरा लांबच राहिले. परदेशी सेवांना कॅश ऑन डिलिव्हरी हा प्रकार फारसा ओळखीचा नसतो. भारतातल्या ज्या सेवा पार्सल परत येईल की नाही याचा अंदाज देतात, त्यांचा भर पिनकोडवर आणि फोन नंबरच्या इतिहासावर असतो. चोरीच्या कार्डाशी त्यांचा संबंध नाही.

कॅश ऑन डिलिव्हरीचं आम्ही सेवा न घेताच मिटवलं. ₹१०० आगाऊ यूपीआयने घ्यायचे आणि फोनवर ओटीपी तपासायचा. खोट्या ऑर्डरी तिथेच गळाल्या. आमच्या धंद्यात परत आलेलं पार्सल म्हणजे नुसतं कुरिअरचं भाडं नसतं. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवस फिरून आलेलं खाजं सादळलेलं असतं, ते टाकूनच द्यावं लागतं.

कार्डांसाठीच्या सेवांचे दर तीन तऱ्हांचे दिसले. एक, दर तपासणीमागे ठरावीक पैसे. दोन, महिन्याचं किमान बिल. तीन, ऑर्डरच्या रकमेवर टक्केवारी आणि त्याबदल्यात हमी: आम्ही मंजूर केलेल्या ऑर्डरवर चार्जबॅक आला तर रक्कम आम्ही भरू. सिग्निफाइड, रिस्किफाइड यांसारख्या मोठ्या कंपन्या अशी हमी देतात. ऐकायला हे उत्तमच वाटतं, पण अशी हमी देणाऱ्या ज्या सेवेशी आम्ही बोललो तिची वर्षाची किमान उलाढालीची अट आमच्या आवाक्याबाहेर होती. शिवाय हमीचा करार नीट वाचला तर ती सहसा फक्त चोरीच्या कार्डाच्या दाव्याला लागू असते. ‘माल मिळाला नाही’, ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या दाव्यांना नाही. हा भाग विक्रीच्या फोनवर कोणी आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो.

परदेशी सेवा घेताना आणखी दोन गोष्टी आमच्या सीए सरांनी सांगितल्या. बिल डॉलरमध्ये आणि कंपनी बाहेरची असेल तर त्यावरचा १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने आपणच भरायचा असतो. त्याचं क्रेडिट मिळतं, पण आधी रोख भरावी लागते आणि रिटर्नमध्ये दाखवावी लागते. दुसरं, रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून दर महिन्याची आपोआप वसुली आधी ई-मँडेट, म्हणजे बँकेकडे त्या वसुलीची परवानगी, नोंदवल्याशिवाय होत नाही, आणि ₹१५,००० च्या वरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. बिल थकलं आणि सणाच्या तोंडावर सेवा बंद पडली तर? म्हणून हे आधीच तपासा.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक विक्री प्रतिनिधी एकच आकडा सांगत होता: आम्ही किती टक्के फसवणूक पकडतो. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होते: किती चांगली माणसं अडवता? याचं सरळ उत्तर कोणाकडे नव्हतं. म्हणून आम्ही दोन सेवांना आमच्याच २०२४च्या जुन्या ऑर्डरी तपासायला दिल्या. परदेशी कार्डांवरच्या ६४० ऑर्डरी होत्या आणि त्यांतल्या ११ फसव्या निघाल्याचं आम्हांला तोवर माहीत होतं. त्यांना ते सांगितलं नाही. देताना ग्राहकांची नावं, फोन, घर क्रमांक काढून टाकले आणि गोपनीयतेच्या करारावर सही घेतली. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे आणि ग्राहकाने आपला पत्ता आपल्यावर विश्वासून दिलेला असतो. ही चाचणी फुकट करून द्यायला दोघेही तयार झाले, फक्त मागावी लागली.

निकाल यायला दोन-तीन आठवडे लागले. पहिल्या सेवेने ११ पैकी १० पकडल्या, पण ९४ चांगल्या ऑर्डरीही धोक्याच्या ठरवल्या. दुसरीने ८ पकडल्या आणि १७ चांगल्या अडवल्या. ती ९४ची यादी घेऊन मी आणि जाऊबाई एका दुपारी बसलो. जाऊबाई पॅकिंग बघतात, त्यांना ग्राहक नावानिशी ठाऊक असतात. यादीत निम्म्याहून जास्त तारवटी होते. बोटीवर काम करणाऱ्या माणसाचं कार्ड एका देशाचं असतं, बोट दुसऱ्या समुद्रात असते, इंटरनेट उपग्रहावरून तिसऱ्याच देशाचं दिसतं आणि माल जायचा असतो कुंकळ्ळीला आईकडे. यंत्राला तो चोर दिसतो. जाऊबाई म्हणाल्या, ‘हे तर चवथीला आणि नाताळाला न चुकता मागवतात गो, त्यांना कसं नाही म्हणायचं?’ उरलेल्यांत आखातातले लोक होते आणि ‘पत्ता अपुरा’ म्हणून अडकलेले होते. आपल्याकडे पत्त्यात वाड्याचं नाव असतं आणि ‘देवळाच्या पाठीमागे’ असतं. रस्त्याचं नाव नसतं. पोस्टमनला तेवढं पुरतं.

मग हिशोब मांडला. फसव्या ऑर्डरीत माल आणि शुल्क धरून आमचे सरासरी ₹८,००० जातात. चांगल्या ऑर्डरीत सरासरी ₹५०० सुटतात. पहिली सेवा वर्षात ₹८०,००० वाचवते, ₹४७,००० चा नफा घालवते आणि तिचं बिल वर्षाला ₹५०,००० च्या आसपास. म्हणजे तोटाच. दुसरी ₹६४,००० वाचवते, ₹८,५०० घालवते, बिल ₹३०,०००. हातात साधारण ₹२५,००० राहतात. आणि या आकड्यांत अडवलेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा येत नाही, हे धरलेलंच नाही. माझ्या मते तेच सगळ्यांत मोठं नुकसान आहे. तुमच्या धंद्याचे आकडे वेगळे असतील. मोबाइल विकणाऱ्याची एक फसवी ऑर्डर कदाचित वर्षाचा नफा खाऊन जाईल, त्याला पहिली सेवाच बरी पडेल. पण हिशोब स्वतःच्या ऑर्डरींवरच करा.

दुसरी सेवा घ्यायचं ठरण्यामागे आणखी एक कारण होतं: तिच्यात आपले नियम आपण लिहू शकतो. आमच्या ११ फसव्या ऑर्डरींतली एकही गोव्यात आली नव्हती. सगळ्या बाहेरच्या मोठ्या शहरांत, सगळे नवे ग्राहक, सगळ्यांना सर्वांत जलद डिलिव्हरी हवी, आणि मागणी फक्त काजूची. काजू टिकतो आणि कुठेही विकता येतो. सोलं आणि हळसांडे (चवळी) चोराने कधी मागवले नाहीत. म्हणून नियम असा केला: पिनकोड ४०३ ने सुरू होत असेल, म्हणजे माल गोव्यातच जायचा असेल, किंवा ग्राहक जुना असेल, तर ऑर्डर अडवू नये. परदेशी कार्ड, नवा ग्राहक, ₹५,००० च्या वर आणि नुसते काजू, असं असेल तर थांबवून आम्हांला कळवावं.

करार मे महिन्यात झाला, पण केवायसीत अडकला. उद्यम नोंदणी, पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, एफएसएसएआय परवाना, रद्द केलेला चेक हे सगळं दिलं. अडचण पत्त्याची आली. पंचायतीने दिलेला घर क्रमांक जीएसटीवर एका तऱ्हेने आहे आणि वीजबिलावर दुसऱ्या तऱ्हेने, वाड्याचं स्पेलिंगही वेगळं. दोन्ही पत्ते एकाच घराचे आहेत असा पंचायतीचा दाखला आणून दिला तेव्हा ते पुढे सरकलं. यात दोन आठवडे गेले. गोव्यात कोणाला अशी नोंदणी करायची असेल तर हा दाखला आधीच काढून ठेवा. करारात मी दोन बदल मागितले आणि ते मिळाले: आपोआप नूतनीकरण नको, आणि सेवा सोडल्यावर आमच्या ग्राहकांची माहिती किती दिवसांत पुसणार ते लिहून हवं.

दुकानाला सेवा जोडायचं काम पर्वरीच्या एका मुलाने ₹६,००० घेऊन केलं. जुलैभर ती नुसती बघत राहील, अडवणार काहीच नाही, अशा पद्धतीने चालवली. रोज रात्री तिचा निर्णय आणि आमचा अंदाज ताडून बघायचो. त्यात एक गोष्ट सापडली: मुंबईतल्या एका सोसायटीतून बरेच गोंयकार, म्हणजे मूळ गोव्याचे लोक, मागवतात आणि एकाच पत्त्यावर वेगवेगळी कार्डं म्हणून ती सगळी संशयित ठरत होती. तो पत्ता मोकळा केला. ऑगस्टच्या सुरुवातीला सेवा पूर्ण चालू केली. चवथ २७ ऑगस्टला होती.

थांबलेल्या ऑर्डरींना आम्ही फोन करतो. सुरुवातीला संकोच वाटायचा, ग्राहकाला राग येईल असं वाटायचं. तसं झालं नाही. ‘परदेशी कार्ड आहे, तुमच्याच सुरक्षेसाठी विचारते’ एवढं म्हटलं की लोक नीट बोलतात. डबा कोणाला पाठवताय, तिकडे घरी कोण आहे, एवढं विचारलं की खरा माणूस मोकळेपणाने सांगायला लागतो. चवथीच्या हंगामात ज्या ऑर्डरी आम्ही रद्द केल्या, त्यांतल्या एकाचाही फोन लागला नव्हता, की मेलला उत्तर आलं नव्हतं. जहाजावरच्या एका मुलाची ऑर्डर मात्र दोन दिवस अडली, कारण त्याचा फोन बंद होता. शेवटी वास्कोच्या त्याच्या बहिणीने व्हॉट्सॲपवर कळवलं आणि डबा वेळेत पोचला.

सेवा चांगली चालली हे सप्टेंबरमध्ये म्हणता येत नव्हतं. कार्डाच्या मालकाला दावा करायला साधारण १२० दिवस असतात, म्हणजे ऑगस्टच्या ऑर्डरींचा निकाल डिसेंबरच्या शेवटी लागतो. कोणी ‘पहिल्या महिन्यात शून्य चार्जबॅक’ असं दाखवलं तर हे लक्षात ठेवा. आमच्या चवथीच्या ऑर्डरींवर डिसेंबर संपेपर्यंत चोरीच्या कार्डाचा एकही दावा आला नाही. एक दावा आला तो ‘माल मिळाला नाही’ असा होता. त्याला सहीची पोचपावती आणि डिलिव्हरीच्या वेळचा फोटो जोडला, आणि तो आमच्या बाजूने लागला. मेमध्ये करार संपतो. त्याआधी २०२५च्या ऑर्डरी घेऊन तीच चाचणी पुन्हा करणार आहोत, या वेळी गेटवेच्या स्वतःच्या जोखीम-तपासणीवरही, कारण ती आता आमच्या खात्याला वेगळे पैसे न देता मिळते आहे.